रिकाम्या जागेचा अधिकार : सममिती आणि न पाहिलेले कण

गणिताच्या मांडणीत एक जागा रिकामी दिसली, तर निसर्गात त्या जागेवर काहीतरी असणारच असे म्हणण्याचा अधिकार भौतिकशास्त्रज्ञाला कोठून मिळतो? पुढच्या सगळ्या प्रकरणांच्या तळाशी हा एकच प्रश्न आहे. विसाव्या शतकात हा अधिकार अनेकदा वापरला गेला. पॉझिट्रॉन, विद्युतभार नसलेला पायॉन, ओमेगा-उणे, चार्म क्वार्क, डब्ल्यू आणि झेड, टॉप क्वार्क, हिग्ज हे सगळे कण आधी कागदावर आले आणि मग यंत्रात सापडले. ही यादी वाचून काहींना वाटते की विश्वच गणितात लिहिलेले आहे, त्यामुळे सुंदर समीकरण खोटे पडूच शकत नाही. दुसऱ्या काहींना वाटते की हे लागलेले नेम आहेत. चुकलेल्यांची आठवण कोणी ठेवत नाही, एवढेच. दोन्ही मते मला घाईची वाटतात. माझे म्हणणे असे की सममिती एकटी कोणत्याही कणाची हमी देऊ शकत नाही. माहीत असलेल्या कणांवर ती आधी पारखलेली असावी लागते, आणि निसर्गात ती नेमकी कोठे व किती मोडते याचा हिशोब हाती असावा लागतो. या दोन गोष्टी जेथे होत्या तेथे भाकीत खरे ठरले. त्यांतली एक जेथे कमी होती तेथे वर्षानुवर्षे शोध चालू राहिला आणि हाती काही लागले नाही.

सममिती म्हणजे काय, हे एकदा नीट पाहून घेऊ. एखादा बदल केला आणि नियम जसेच्या तसे राहिले, तर त्या बदलाबाबत नियम सममित आहेत असे आपण म्हणतो. प्रयोग आज केला काय आणि उद्या केला काय, नियम तेच राहतात. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीतूनच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम निघतो, हे एमी नोएथर यांनी 1918 मध्ये सिद्ध करून दाखवले. पुंजभौतिकीत याच्याही पुढची एक गोष्ट घडते. तेथे सममितीची क्रिया एका अवस्थेचे रूपांतर दुसऱ्या अवस्थेत करते, आणि सममिती अचूक असेल तर त्या दोन्ही अवस्थांचे वस्तुमान सारखेच असावे लागते. एकमेकींत रूपांतरित होणाऱ्या अशा अवस्थांचे मिळून एक कुटुंब बनते. त्या कुटुंबात किती सदस्य असू शकतात, हे निवडणे कोणाच्या हातात नसते. सममितीचे गणित ते ठरवून देते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना हायझेनबर्ग यांनी 1932 मध्ये एकाच कणाच्या दोन अवस्था मानले. निकोलस केमर यांनी 1938 मध्ये तीच सममिती पायॉनला लावली आणि धन व ऋण पायॉनांना विद्युतभार नसलेला तिसरा भाऊ असलाच पाहिजे असे सांगितले. विद्युतभारित पायॉन 1947 मध्ये सापडले, तिसरा 1950 मध्ये. तीन जणांच्या कुटुंबातले दोघे दिसले होते, तिसऱ्याची जागा ठरलेली होती.

या युक्तिवादाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ओमेगा-उणेचे आहे, म्हणून तेथे थोडे थांबायला हवे. 1950 नंतर इतके नवे कण सापडत गेले की त्यांना लावायला ग्रीक अक्षरे पुरेनात. त्यांतल्या काहींना स्ट्रेंजनेस नावाचा एक पूर्णांक चिकटवावा लागला. तीव्र आंतरक्रियेत हा अंक टिकतो, क्षीण आंतरक्रियेत बदलतो. 1961 मध्ये मरे गेल-मान आणि युवाल नेमन यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले की या कणांची मांडणी एसयू-तीन या गटाच्या कुटुंबांत होते. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांचे सहा नातलग आठांच्या एका कुटुंबात बसले. पायॉन आणि केऑन यांचे मिळून सात मेसॉन माहीत होते, तेथे आठवा हवा होता. त्याच वर्षी ईटा मेसॉन सापडला. त्याच उन्हाळ्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बंगळुरूला भरवलेल्या उन्हाळी शाळेत गेल-मान यांनी या विषयावर व्याख्याने दिली. म्हणजे ही कल्पना जगात अजून नवी होती, तेव्हाच आपल्याकडच्या तरुण संशोधकांनी ती तिच्या कर्त्याच्या तोंडून ऐकली. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात या गोष्टीची याहून जास्त नोंद व्हायला हवी.

पुढच्या वर्षी, जुलै 1962 मध्ये, जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील परिषदेत प्रोटॉनहून जड अशा अल्पजीवी कणांची नवी माहिती आली. चार डेल्टा, तीन सिग्मा-तारा आणि नुकतेच नोंदवलेले दोन क्साय-तारा, असे नऊ कण झाले. एसयू-तीनच्या गणितात एक, तीन, सहा, आठ, दहा, पंधरा, सत्तावीस अशा संख्यांची कुटुंबे होतात. नऊचे कुटुंब त्यात होतच नाही. चार, तीन, दोन अशा ओळी लावल्या की वर एकाची जागा उरते, आणि त्या जागेवर बसणाऱ्याचा विद्युतभार उणे एक आणि स्ट्रेंजनेस उणे तीन असायला हवा. गेल-मान आणि नेमन या दोघांनीही त्या सभागृहात हात वर केला. बोलण्याची संधी गेल-मान यांना मिळाली आणि त्यांनी त्या कणाचे वर्णन केले.

येथवरची गोष्ट अनेक पुस्तकांत येते, आणि बहुतेक ठिकाणी ती येथेच थांबते. त्यामुळे वाचकाचा असा समज होतो की गणिताने एक रिकामा चौकोन दाखवला आणि निसर्गाने तो निमूटपणे भरून दिला. प्रत्यक्षात गणिताने एकापेक्षा जास्त वाटा दाखवल्या होत्या. शोइची साकाता यांनी 1956 मध्ये प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि लॅम्डा या तिघांना मूळ मानून बाकीचे कण त्यांपासून बनवण्याचा आराखडा मांडला होता, आणि 1959 मध्ये जपानी संशोधकांनी त्यालाही एसयू-तीन हाच गट लावला होता. गट तोच, पण कणांची मांडणी वेगळी, म्हणून निघणारी भाकितेही वेगळी. साकातांची मांडणी निरीक्षणांपुढे टिकली नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ते नऊ कण दहाच्या कुटुंबात जसे बसत होते, तसेच सत्तावीसच्या कुटुंबातही बसू शकले असते, आणि मग एकाऐवजी अठरा जागा रिकाम्या राहिल्या असत्या. त्यांतल्या काही जागांवर स्ट्रेंजनेस अधिक एक असलेले कण असायला हवे होते, आणि ते धन केऑन प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनवर आदळल्यावर दिसायला हवे होते. गोल्डहाबर दांपत्याच्या प्रयोगांत तसे काही दिसले नाही. हा ‘न दिसणारा’ पुरावाच निर्णायक ठरला. सत्तावीसची वाट बंद झाली आणि दहाची उरली. निवड सौंदर्याच्या आधारे झाली नव्हती, प्रयोगाने एका शक्यतेवर फुली मारल्यामुळे झाली होती.

आता वस्तुमानाकडे पाहू. सममिती अचूक असती तर दहाही कणांचे वस्तुमान एकच असते, आणि ते तर उघडच नाही. आजच्या आकड्यांत सांगायचे तर डेल्टा 1232 एमईव्ही, सिग्मा-तारा 1385 च्या आसपास, क्साय-तारा 1533 च्या आसपास. म्हणजे सममिती मोडलेली आहे. मात्र ती कशीही मोडलेली नाही: ओळीमागे ओळ साधारण 150 ची समान पायरी दिसते. गेल-मान आणि सुसुमू ओकुबो यांच्या सूत्राप्रमाणे दहाच्या कुटुंबात ही पायरी समान असायलाच हवी होती. त्यामुळे चौथ्या ओळीतला कण 1680 च्या आसपास सापडला पाहिजे. या आकड्यातून आणखी एक गोष्ट ओघानेच निघते. स्ट्रेंजनेस उणे तीन टिकवून हा कण फुटायचा, तर त्यातून किमान एक क्साय आणि एक केऑन बाहेर पडायला हवा, आणि त्या दोघांचे मिळून वस्तुमान 1800 च्या वर जाते. तेवढी ऊर्जाच या कणाकडे नाही. तीव्र आंतरक्रियेची वाट बंद असल्यामुळे त्याला क्षीण आंतरक्रियेने, सावकाश फुटावे लागते. त्याचे भाऊ सेकंदाच्या 10 चा उणे 23 वा घात इतक्या काळात नाहीसे होतात. हा मात्र 10 च्या उणे 10 व्या घाताइतका जगतो आणि बुडबुड्यांच्या कोठडीत डोळ्यांना दिसेल अशी रेघ मागे ठेवतो. कोठे पाहायचे, काय पाहायचे आणि काय दिसले तर भाकीत खोटे मानायचे, हे सगळे आधीच ठरलेले होते. ब्रुकहेवनमधल्या 80 इंची कोठडीत निकोलस सॅमियोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋण केऑनचा झोत सोडून छायाचित्रे काढली. सुमारे एक लाख छायाचित्रे तपासल्यावर फेब्रुवारी 1964 मध्ये एक घटना जाहीर झाली. त्यांनी नोंदवलेले वस्तुमान होते 1686, त्यात 12 ची कमीजास्त. आजचे मूल्य 1672 आहे.

परंड्याचा भुईकोट ज्यांनी पाहिला आहे त्यांच्यासाठी हा युक्तिवाद आणखी एका प्रकारे सांगता येईल. खंदकाच्या आत दुहेरी तट आहे आणि तटाला बुरूज आहेत. अशा एखाद्या किल्ल्याचा एक बुरूज पार नामशेष झाला, तर शोध घेणारा माणूस उरलेल्या बुरुजांमधले अंतर मोजून त्याचा पाया कोठे खणायचा हे सांगू शकतो. त्याचा विश्वास नकाशाच्या देखणेपणावर नसतो. मधल्या तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दोन बाजूंच्या बुरुजांवरून मारा करता आला पाहिजे, हे अंतरामागचे कारण त्याला माहीत असते. आणि जमिनीचा उतार किंवा पाण्याची सोय यांमुळे बांधणाऱ्याने अंतर कोठे कमी-जास्त केले असेल, याचाही अंदाज त्याला लागतो. कारण माहीत नसताना निव्वळ नकाशाच्या डौलावर खणणारा कदाचित यशस्वी होईलही, पण ते यश युक्तिवादाचे नसेल.

यावर तत्त्वज्ञ एक आक्षेप घेतात, आणि तो वरवरचा नाही. गणितात अर्थहीन उत्तरे नेहमीच निघतात. शेताची लांबी काढताना वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात, एक धन आणि एक ऋण. ऋण उत्तर शाळेतला मुलगाही खोडून टाकतो. मग कुटुंबातली रिकामी जागा तशीच का खोडायची नाही? याचे उत्तर डिरॅक यांच्या 1928 च्या समीकरणात सापडते. त्या समीकरणातूनही ऋण ऊर्जेची नको असलेली उत्तरे निघाली. पण ती खोडता येईनात, कारण पुंजभौतिकीत इलेक्ट्रॉन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊ शकतो, आणि समीकरणच धन अवस्थांना ऋण अवस्थांशी जोडत होते. नको असलेला अर्धा भाग काढला असता तर उरलेला अर्धाही कोसळला असता. 1931 मध्ये डिरॅक यांनी त्या उत्तरांना इलेक्ट्रॉनाच्या उलट विद्युतभाराचा कण असा अर्थ दिला, आणि 1932 मध्ये कार्ल अँडरसन यांना तो विश्वकिरणांत दिसला. ओमेगा-उणेची गोष्टही अशीच आहे. क्साय-तारावर सममितीची क्रिया केली की जे निघते ते दहावी अवस्थाच असते. ती नाही म्हणायचे, तर ती क्रियाच नाही म्हणावे लागेल, आणि मग उरलेले नऊ एका कुटुंबात का दिसतात याचे कारण हातचे जाते. शेताच्या ऋण लांबीला धन लांबीशी जोडणारी कोणतीही क्रिया निसर्गात नाही. फरक आहे तो एवढाच.

दुसरा आक्षेप असा की ही एसयू-तीन सममिती मुळात मूलभूत नव्हतीच. 1964 मध्ये क्वार्कची कल्पना आली आणि स्पष्ट झाले की अप, डाउन आणि स्ट्रेंज या तीन क्वार्कांना तीव्र आंतरक्रिया सारखेच वागवते आणि त्यांच्या वस्तुमानांतला फरक त्या मानाने फार मोठा नाही. ती आठांची आणि दहांची कुटुंबे त्यामुळे दिसतात. ओमेगा-उणे म्हणजे तीन स्ट्रेंज क्वार्क, आणि 150 ची पायरी म्हणजे दर ओळीला एक जड क्वार्क वाढल्याचा परिणाम. मग 1962 चे भाकीत सावलीवर उभे होते काय? मला हा आक्षेप भाकिताच्या बाजूनेच बोलताना दिसतो. भाकिताला आधार देण्यासाठी सममिती अंतिम असावी लागत नाही. ती ज्या क्षेत्रात वापरायची त्या क्षेत्रात ती किती चांगली आहे हे मोजलेले असले की पुरते. शिवाय त्या कणानेच पुढचे दार उघडले. तीन एकसारखे स्ट्रेंज क्वार्क एकाच दिशेच्या स्पिनने एकत्र बसणे पाउली यांच्या नियमाला मान्य नाही. या पेचातून ऑस्कर ग्रीनबर्ग, आणि मग हान व नाम्बू, यांनी क्वार्कांना आणखी एक गुणधर्म दिला. आज आपण त्याला रंग म्हणतो, आणि तीव्र आंतरक्रियेची खरी, अचूक सममिती त्या रंगाची आहे. ज्या स्पिनवर हा सगळा पेच उभा होता, त्या 3/2 स्पिनची थेट खात्री बाबर प्रयोगाने 2006 मध्ये केली.

तिसरा आक्षेप चुकलेल्या नेमांचा आहे, आणि त्याला सामोरे जायला महाराष्ट्राबाहेरच्या, पण मुंबईहून चालवलेल्या एका प्रयोगाकडे जावे लागते. 1974 मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी तीव्र, क्षीण आणि विद्युतचुंबकीय आंतरक्रिया एसयू-पाच या एकाच गटात बसवल्या. मांडणी विलक्षण नेटकी होती. इलेक्ट्रॉन आणि क्वार्क एकाच कुटुंबात आले, आणि त्यांना जोडणाऱ्या नव्या जड कणांमुळे प्रोटॉनही केव्हातरी फुटेल असा निष्कर्ष निघाला. टाटा संस्थेच्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे 2300 मीटर खोलीवर, 140 टन लोखंडाचे शोधयंत्र उभारले आणि 1980 पासून प्रोटॉन फुटण्याची वाट पाहिली. याच खाणीत 1965 मध्ये वातावरणातील न्यूट्रिनोंची पहिली नोंद झाली होती. प्रोटॉन फुटल्यासारख्या वाटणाऱ्या मोजक्या घटना कोलारला दिसल्या, पण अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या मोठ्या पाण्याच्या टाक्यांनी त्यांना दुजोरा दिला नाही. एसयू-पाचचे साधे रूप बाद झाले. सुपर-कामिओकांडेच्या मोजणीनुसार, पॉझिट्रॉन आणि पायॉन यांच्या वाटेने फुटायचे तर प्रोटॉनचे आयुष्य 10 च्या 34 व्या घाताइतक्या वर्षांहूनही जास्त असले पाहिजे. हा निकाल माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. गणित येथेही तितकेच काटेकोर होते. पण त्या सममितीचे ओमेगाच्या नऊ भावंडांसारखे साक्षीदार कमी होते, आणि ती ज्या ऊर्जेला मोडते ती कोणत्याही यंत्राच्या आवाक्याच्या अब्जावधी पट पलीकडे होती.

अतिसममितीची कहाणी मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी, कारण तिच्यामागे पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांचे आयुष्यभराचे काम आहे. प्रत्येक माहीत कणाला स्पिनमध्ये अर्ध्याने वेगळा असलेला एक जोडीदार असावा, असे ही सममिती सांगते. गोडबोले यांनी मुंबई विद्यापीठात आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून असे जोडीदार कण आणि हिग्ज कण यंत्रात कसे ओळखता येतील यावर काम केले, आणि 2004 मध्ये मानुएल ड्रीस व टाटा संस्थेचे प्रबीर रॉय यांच्यासह या जोडीदारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. सर्नच्या महाकाय त्वरकात 4 जुलै 2012 रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली. ज्या दोन प्रयोगांनी तो पाहिला त्यांतल्या सीएमएसमध्ये टाटा संस्थेचाही वाटा होता. अतिसममितीचा एकही जोडीदार मात्र अजून तेथे दिसलेला नाही. सममिती अचूक असती तर इलेक्ट्रॉनाइतकाच हलका जोडीदार केव्हाच सापडला असता. तेव्हा ती मोडलेली असणार. पण ती कशी मोडते हे सांगणारे गेल-मान–ओकुबोंसारखे सूत्र येथे नाही. तिच्या सर्वांत साध्या रूपातही शंभराहून अधिक अज्ञात आकडे उरतात. म्हणून ओमेगाचे भाकीत ‘1680 च्या आसपास पाहा’ असे होते आणि अतिसममितीचे ‘अजून थोडे वर पाहा’ असे होत राहिले. गोडबोले यांच्या कामाचे मोल याने उणावत नाही. काय दिसले तर कण आहे आणि काय दिसले नाही तर कोणती शक्यता संपली, हे नेमके लिहून ठेवणे हेच तर भाकिताला जबाबदार बनवते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

हिग्जच्या बाबतीत मात्र सममिती कोठे व किती मोडते याचा हिशोब हाती होता. डब्ल्यू आणि झेड यांची वस्तुमाने मोजलेल्या आकड्यांवरून आधी काढली गेली आणि 1983 मध्ये साधारण 80 आणि 91 जीईव्हीला ते कण सापडले. 1977 मध्ये सापडलेल्या बॉटम क्वार्कला जोडीदार हवा होता, तो टॉप 1995 मध्ये फर्मीलॅबला मिळाला. हिग्जचे वस्तुमान सिद्धांत सांगत नव्हता, पण आधीच्या मोजण्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी घेरत आणले होते, आणि तो नसता तर ठराविक ऊर्जेवर गणितच बिघडले असते. रिकाम्या जागेचा अधिकार येथे भक्कम होता.

साठच्या दशकात अनेक संशोधकांना सममितीच्या या वाटेवर विश्वास नव्हता, हेही सांगायला हवे. कोणताही कण मूलभूत नाही, सगळे एकमेकांपासून बनतात, असा एक विचारप्रवाह तेव्हा जोरात होता. टाटा संस्थेतले भालचंद्र उदगावकर त्या धाटणीच्या संशोधनात रमले, आणि 1962 मध्ये त्यांनी गेल-मान यांच्यासोबत शोधनिबंधही लिहिला. पुढे ते मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले आणि विज्ञान आपल्या भाषेत यावे म्हणून त्यांनी मोठे काम केले. दोन परस्परविरोधी वाटांवर चालणारे लोक एकाच निबंधावर सही करू शकत होते, कारण दोन्ही वाटांना निकाल देणारा प्रयोग एकच होता.

वाचकाला एकच विनंती. पुढची प्रकरणे वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. चार, तीन, दोन आणि एक अशा ओळी काढा, प्रत्येक ओळीचे वस्तुमान लिहा आणि वजाबाक्या स्वतः करून पाहा. बारावीच्या गणितापलीकडचे यात काहीही लागत नाही. ओमेगा-उणेचा मूळ शोधनिबंध जेमतेम तीन पानांचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने तो मिळवून वाचावा, आणि वाचताना त्या एका छायाचित्रातल्या रेघा बोटाने मोजाव्यात.

परंडा, जि. धाराशिव